लाल ठिपक्याची ताटं

ताटाच्या बुडाला लाल ठिपका दिसला तेव्हा आधी मला रक्त वाटलं. नबीसानं उचलठेव करताना बोट कापून घेतलं असेल आणि सांगितलं नसेल, कारण काहीही न सांगणं हा त्या बाईचा स्वभावच आहे. नखानं खरवडून पाहिलं तर नेलपॉलिश निघालं. डाळीच्या दाण्याएवढा ठिपका, अगदी मधोमध. दुसरं ताट उलटं केलं, त्यालाही होता. तिसऱ्याला नव्हता. मग मी साडी खोचली आणि रॅकवरची सगळी चळतच खाली घेतली. कितीतरी ताटांना ठिपका होता, बाकीची कोरी.

माझ्या मनात पाल चुकचुकली. तशी ती नेहमीच चुकचुकते. माझा नवरा म्हणतो, विलासिनी, तुझ्या मनात पालींची वसाहत आहे. म्हणू दे. केरळातल्या या कुट्टंचिरा गावात संशय न घेणारा माणूस एक तर मूल असतो नाही तर पंचायतीचा ठेकेदार.

आमचं ताटघर पंचायतीच्या मागच्या अंगाला, पूर्वी जिथे रेशनचं दुकान होतं त्या खोलीत. आम्ही तिघी ते चालवतो. मी मांडामांड आणि नोंदणी बघते, नबीसा तिच्या रिक्षातून ताटं पोचवते आणि परत आणते, अम्मिणी घासते. लग्न असो, बारसं असो, तेराव्याचं जेवण असो, शंभरावर माणूस जेवायचं असेल तर पंचायतीची परवानगी लागते, आणि परवानगीची अट एकच: जेवून फेकायची ताटं चालणार नाहीत. केळीचं पान घाला, नाही तर आमच्याकडून स्टीलची ताटं न्या.

हे सगळं राधामणी टीचरचं डोकं. टीचर म्हणजे आमच्या पंचायतीची अध्यक्ष. निवडून आल्यावर तिनं खरेदी समितीत नवाच कायदा काढला. काहीही विकत घ्यायचं तर नुसता भाव विचारायचा नाही, विकणाऱ्याला विचारायचं की हे मेल्यावर कुठे जाणार. झाडू असो, बल्ब असो, शाळेची बाकं असोत. सदस्य शशिधरनच्या मेहुण्यानं कागदी ताटं आणली होती, म्हणे मातीत मिळून जातात. टीचरनं एक ताट शाळेच्या केळीच्या बुडाशी पुरलं आणि सुट्टीनंतर सगळ्यांसमोर उकरलं. कागद मुंग्यांनी नेला होता, पण वरचा चकचकीत पापुद्रा जसाच्या तसा, रश्शाच्या डागासकट. त्या दिवशी समितीनं स्टीलची ताटं मंजूर केली आणि शशिधरननं टीचरशी बोलणं सोडलं.

पण मंजुरी वर्षाचीच होती. वर्षात लोकांनी ताटं नेली तर आणखी घ्यायची, नाही तर ताटघराला कुलूप. कुलूप लागलं तर मी घरी शिवण करीन, नबीसाची रिक्षा आहे. अम्मिणीचं काय? अम्मिणीची आई जन्मभर वरच्या आळीत जेवणावळी उठल्या की पानं उचलायला जायची. उचललेल्या पानांवर जे उरलं असेल ते फडक्यात बांधून घरी आणायची आणि पोरं ते खायची. अम्मिणीनं ते खाल्लेलं आहे. ताटघरात ती आली तेव्हा पंचायतीचं ओळखपत्र गळ्यात घालून पहिल्या दिवशी देवळापर्यंत आणि परत चालून आली, काही काम नसताना. "चेची, मी आता कुणाचं उष्टं उचलत नाही. मी पंचायतीची ताटं घासते," असं मला म्हणाली. वयानं ती माझ्यापेक्षा मोठी, तरी चेची तीच मला म्हणते, ताई म्हणावं तसं. ते तसंच चालत आलंय.

तर ठिपके. पहिला संशय नबीसावर.

"रिक्षात ताटं तूच भरतेस," मी म्हटलं. "हे ठिपके कुणी दिले?"

"मी काय ताटांना कुंकू लावत बसते?" नबीसा रिक्षाची काच पुसत होती, मान वर केली नाही. "माझ्या घरी नेलपॉलिश नाही. माझ्या नवऱ्याला विचार, त्याच्याकडे असेल."

"चेष्टा नको. कुणीतरी आपली ताटं बदलतंय. चांगली ठेवून घेतात आणि पातळ पत्र्याची परत देतात."

"मग वजन कर. स्वयंपाकघरातला तराजू आहे ना?"

मी केलं. ठिपक्याचं आणि बिनठिपक्याचं सारखंच भरलं. नबीसा हसली, आणि तिच्या हसण्यानं माझा संशय वाढलाच. दुसऱ्या दिवशी मी शशिधरनवर घसरले. त्याचा माणूस रात्री येऊन खुणा करतो, मग उद्या म्हणणार, बघा, ताटांना रंग लागतो, विषारी आहेत. अम्मिणीला विचारलं तर ती नळाखाली ताटं फिरवत म्हणाली, "ठिपका ना? असेल काहीतरी." ताकास तूर लागू दिली नाही. अम्मिणीला मी फारसं खोदून विचारलं नाही. तिच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातच आलं नाही, आणि हे मी काही फार चांगुलपणानं सांगत नाहीये.

मग एकदा बसल्या बसल्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताटघर सुरू झालं तेव्हा पहिलं मोठं लग्न अम्मिणीच्या मुलीचं झालं होतं, टेकडीखालच्या कॉलनीत. अम्मिणीच्या लोकांची, म्हणजे दलितांची ती कॉलनी. ज्या ताटांना ठिपका होता ती बहुतेक त्या लग्नात गेलेलीच असणार, असा मी हिशोब लावला. पंधरवड्यानं माझ्या मुलीचा साखरपुडा होता. मुलाकडचे पालघाटहून येणार, त्यात त्याची आजी म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी. मी ताटं मोजताना एकेक उलटं करून पाहिलं आणि कोरी तेवढी बाजूला काढली. आम्ही काही सोवळ्यातले नव्हे. माझे आजोबा माडावर चढून माडी काढायचे आणि वरच्या आळीतल्या विहिरीजवळ त्यांना फिरकू देत नव्हते. पण मुलीचा साखरपुडा होता. अम्मिणी नळाशी होती, तिची पाठ माझ्याकडे होती.

साखरपुडा छान झाला. बिर्याणी कमी पडली नाही. मुलाच्या आजीनं ताटात बोटं चाटली.

त्यानंतर वरच्या आळीत सौदामिनी अम्मांच्या नातवाचं उष्टावण होतं. सौदामिनी अम्मा म्हणजे पोस्टमास्तरीण म्हणून निवृत्त झालेल्या, कधीही आवाज न चढवणाऱ्या, सगळ्यांची चौकशी करणाऱ्या. वरच्या आळीची माणसं सुरुवातीला आमच्या ताटांकडे बघतही नव्हती. मग अचानक मागायला लागली, आणि का ते मला कळत नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, पण मला वाटत होतं की कुठेतरी पाणी मुरतंय. म्हणून त्या दिवशी नबीसाबरोबर मी स्वतः गेले.

मागच्या पडवीत आम्ही चळती उतरवल्या. सौदामिनी अम्मा आल्या, मला म्हणाल्या, "विलासिनी, तू कशाला आलीस एवढ्या उन्हात? सरबत घे." आणि बोलता बोलता वरचं ताट उचललं, उलटं केलं, ठिपका पाहिला. चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जसं पत्रिकेतले गुण जुळल्यावर पसरतं. खालचं ताट पाहिलं, त्यालाही ठिपका. मग आत वळून सुनेला म्हणाल्या, "आपलीच आहेत गं. वाढा."

आपलीच? मी सरबत तसंच ठेवलं. नबीसाला म्हटलं, "रिक्षा काढ." वाटभर मी बोलले नाही, आणि मी बोलले नाही की नबीसा घाबरते.

अम्मिणी नारळाच्या काथ्यानं मोठी पातेली घासत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ठिपका काय आहे ते आता सांग. नाही तर मी टीचरकडे जाते."

तिनं नळ बंद केला. हातमोजे काढले, काठावर पसरून ठेवले. मग तिला हसू आलं आणि ते तिला आवरेना.

"चेची, मुलीच्या लग्नाला माणसं जास्त झाली. शेजारपाजारची ताटं आणावी लागली. सगळीच स्टीलची, मिसळतील म्हणून मी पंचायतीच्या ताटांना मुलीच्या नेलपॉलिशनं ठिपके दिले. नंतर पुसायला गेले तर निघेनात."

"मग सौदामिनी अम्मा—"

"ऐका ना. ओणमच्या आधी अम्मांनी मला मागच्या दारी बोलावलं. म्हणाल्या, अम्मिणी, ती ताटं सगळीकडे जातात म्हणे. आमच्यासाठी वेगळी असतात ना गं? आता मी काय म्हणू? नाही म्हटलं तर ती ताटं परत, पाठोपाठ आख्खी आळी परत. मी म्हटलं, हो अम्मा, तुमची वेगळी आहेत, खाली लाल ठिपका आहे बघा." ती परत हसायला लागली. "तेव्हापासून त्यांच्या चळती मीच ठिपक्याच्या लावते, आणि वरच्या आळीत ठिपका बघितल्याशिवाय घास उतरत नाही कुणाचा. आणि ती सगळी माझ्या पोरीच्या लग्नातली, चेची! माझ्या दिरानं बीफ खाल्लंय त्यांत!"

नबीसा रिक्षाला टेकून पोट धरून हसत होती. मलाही हसू फुटलं. मग अम्मिणी हसता हसता म्हणाली, "आणि तुम्ही कोरी निवडलीत."

मी पदर सारखा केला.

"नळाचं पाणी चालू होतं, पण कान उघडे होते," ती म्हणाली. "ताट उलटं केलं की आवाज येतो." एवढं बोलून तिनं हातमोजे घातले आणि पातेलं पुढे ओढलं. मला वाटलं ती आणखी काही म्हणेल, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. नबीसानं उगाच रिक्षाचा हॉर्न वाजवून पाहिला आणि निघून गेली.

संध्याकाळी कुलूप लावताना अम्मिणी म्हणाली, "कुणाला सांगू नका. वर्ष संपेपर्यंत तरी." मी मान हलवली.

वर्ष संपलं आणि खरेदी समितीची बैठक भरली. आम्हा तिघींना बोलावलं होतं. मी बाकावर, नबीसा माझ्या शेजारी. अम्मिणी दारात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. टीचरनं ताटं किती घरी गेली ते वाचून दाखवलं. सगळ्या आळ्यांत गेली होती. मला वाटलं, जिंकलो.

मग शशिधरन उठला. चेहरा इतका गोड की माझ्या मनातल्या पाली एकदम ओरडल्या. "टीचर, माझा विरोध नाही. आणखी ताटं घेऊच. फक्त लोकांची एक सूचना आहे, ती ऐकावी."

लोक म्हणजे सौदामिनी अम्मा. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर पर्स, हातात चहाचा पेला. बसूनच बोलल्या.

"योजना फारच चांगली आहे. आमच्या आळीनं तर मनापासून उचलली. त्याचं कारण, या बायकांनी आपण होऊन आमच्यासाठी वेगळा संच ठेवला. किती समजूतदारपणा! माझं म्हणणं एवढंच, की नव्या खरेदीत तशी अटच घाला. प्रत्येक आळीचा वेगळा संच, वेगळ्या रंगाची खूण. लाल आमची, बाकीच्यांना हिरवी, निळी, जी हवी ती. आरोग्याच्या दृष्टीनंही बरं. कुणाच्या घरी काय आजार असतो, आपल्याला काय माहीत?"

"कारखान्यातूनच रंग भरून आणता येईल," शशिधरन म्हणाला. "माझ्या ओळखीत आहे एक जण."

बाकीचे सदस्य एकमेकांकडे बघायला लागले. कुणी हो म्हटलं नाही आणि कुणी नाहीही म्हटलं नाही. टीचर चष्मा पुसत होती. ती विचार करत होती, मला दिसत होतं. आणि ती विचार करतेय, हेच मला सहन झालं नाही. पुढच्या वेळी सरकारी शिक्क्यानिशी, पंचायतीच्या पैशांनी, रंग लावून ताटं येणार. कॉलनीची वेगळी. आमची कुठली, कोण जाणे. दारातून अम्मिणी मला मानेनं नको नको म्हणत होती.

मी उठले. "लाल ठिपक्याची ताटं अम्मिणीच्या मुलीच्या लग्नातली आहेत," मी म्हटलं. "ठिपका तिथेच दिला. कॉलनीत. ओणमपासून वरची आळी त्यांतच जेवते आहे. नातवाचं उष्टावण त्यांतच झालं. कुणाला काही आजार झाला असेल तर आत्ता सांगा, आरोग्य खात्याला कळवू."

सौदामिनी अम्मांनी चहाचा पेला खाली ठेवला. पेला स्टीलचा होता, अर्धा भरलेला. तो त्यांनी पुन्हा उचलला नाही. चेहऱ्यावरचं हसू मात्र तसंच होतं. ते कसं टिकवतात, त्यांचं त्यांना माहीत.

टीचरनं चष्मा चढवला. "ताटं घ्यायची. खूण नाही, रंग नाही. पुढचा विषय." तिनं हे असं म्हटलं की शशिधरनसुद्धा पुढच्या विषयावर गेला.

मी बाहेर आले तेव्हा छाती फुगली होती. अम्मिणी जिन्याखाली उभी होती.

"बरं वाटलं?" ती म्हणाली.

"त्यांची तोंडं बघितलीस?"

"बघितली. तुम्हाला खरं बोलायचा झटका आला, चेची. त्याचं बिल माझ्या नावावर येणार."

"टीचरनं मंजूर केलं ना?"

"टीचरनं ताटं मंजूर केली. जेवायला बसणारी माणसं टीचर कुठून मंजूर करणार?" असं म्हणून ती चालायला लागली, आणि मी मागून हाका मारत राहिले.

तिचंच खरं ठरलं. वरच्या आळीत पुढचं लग्न आलं, केळीची पानं. त्यानंतर मुंज नाही, बारसं नाही की वाढदिवस नाही, जिथे आमची ताटं गेली. सगळीकडे पानं. तक्रार कुणाकडे करणार? पान तर नियमातच बसतं. उलट वरची आळी आता टीचरपेक्षा जास्त निसर्गाची भक्त झाली. सौदामिनी अम्मा वाटेत भेटल्या तर म्हणाल्या, "विलासिनी, ताट घासायला केवढं पाणी लागतं गं! पान कसं, मातीतून आलं, मातीत गेलं. खरं की नाही?" खरंच होतं. शशिधरनचा मेहुणा तामिळनाडूतून ट्रकभर पानं आणायला लागला आणि त्याचंही भलं झालं. बघता बघता आमच्या आळीतही पान मानाचं झालं आणि ताट कॉलनीचं झालं. उरली शाळा, मशिदीजवळची घरं आणि एखादं चर्चचं जेवण. नवी ताटं खोक्यांतच पडून राहिली. टीचर म्हणाली, सहा महिने बघू. तिचा चेहरा बघून मी समजले.

अशात एका दुपारी अम्मिणीचा फोन वाजला. तिचे हात साबणाचे, म्हणून मला म्हणाली, "चेची, धरा जरा, आवाज मोठा करा."

सौदामिनी अम्मा होत्या. "अम्मिणी, बरी आहेस ना? रविवारी आमच्या ह्यांना चौऱ्याऐंशी पूर्ण होतायत. मोठा सोहळा. पानंच घालणार आहोत. तर म्हटलं, जेवणं झाल्यावर पानं उचलायला तू येशील ना? हल्ली कुणी मिळत नाही बघ."

अम्मिणी ताट धुवत राहिली. "नाही अम्मा. ते काम मी करत नाही. ताटं हवी असतील तर सांगा, घासून देते."

"अगं, पण तुझी आई तर आमच्याकडे कायम—"

"आई वारली, अम्मा."

"ते माहीत आहे गं," पलीकडून मायेनं आवाज आला. "म्हणून तर तुला विचारतेय."

अम्मिणीनं ओल्या कोपरानंच फोन बंद केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला ते आवडलं नाही. "बघताय काय? शाळेची ताटं आणा इकडे," ती म्हणाली.

पण फोन नंतरही आला, दोन-तीनदा, आणि तेव्हा ती बाहेर जाऊन बोलली. शनिवारी तिनं मला विचारलं, उद्या मी नसले तर चालेल ना. कुठे जातेस म्हटलं तर म्हणाली, काम आहे. झालं. माझ्या मनात नको ते यायला लागलं. तिचं घर गळतंय, काम कमी झालंय. माणूस किती दिवस नाही म्हणेल? मला राग तिचा येत नव्हता. ती गेली तर माझ्या त्या बैठकीतल्या शौर्याला काय अर्थ उरला, याचा येत होता.

सोहळ्याचं आमंत्रण मलाही होतं. राग दाखवणं त्या घराला शोभत नाही. मी रविवारी गेले, सगळ्यांची मिळून एकच मोठी पंगत होती, तीत जेवले. अवियलची भाजी छान होती, खिरीसारखं पायसम तीन प्रकारचं होतं. जेवताना माझं सगळं लक्ष मागच्या दाराकडे. हात धुऊन मी मांडवाच्या मागून हळूच गेले, चोरासारखी, अम्मिणी दिसते का बघायला.

मांडवात कुणी नव्हतं. लांबच्या लांब टेबलं आणि त्यांवर पानं. कुणी दुमडून ठेवलेली, कुणी तशीच टाकलेली, सांबारात भाताचे गोळे, माश्या बसायला लागलेल्या. पाहुणे पुढच्या अंगणात विडा खात होते. अम्मिणी नव्हती. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच खांबाला धरून उभी राहिले.

"विलासिनी! बरं झालं सापडलीस." सौदामिनी अम्मा मागून आल्या. जरीची साडी, कपाळावर चंदन, थकलेल्या. "बघ ना, एकानंही शब्द पाळला नाही. कॉलनीतलं कुणीच आलं नाही. आता पाहुणे फोटो काढायला इथेच येतील." त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "तू जरा हात लावतेस का? एवढी एक रांग. तुम्हा लोकांना सवय असते, पटकन होतं. आमच्या सुनेला नाही गं जमत."

तुम्हा लोकांना.

आणि काय सांगू, मी वाकले. मी विचार केला नव्हता. कुणी वयानं मोठ्या बाईनं मायेनं सांगितलं आणि माझी कंबर आपोआप वाकली, हात पानाच्या कडेपर्यंत गेला. त्या पानावर कुणीतरी अर्धवट खाल्लेलं केळं होतं. ते पाहिलं आणि मी सरळ झाले.

"मला जमत नाही, अम्मा," मी म्हटलं.

त्या हसल्या. "बरं बरं, राहू दे." जशी एखाद्या पोराची समजूत काढावी तशा. मी मागच्या वाटेनंच बाहेर पडले. पुढच्या अंगणातून जायचं धैर्य मला झालं नाही.

सोमवारी सकाळी अम्मिणी माझ्या आधी आली होती. मुलीकडे गेले होते, तिला दिवस गेलेत, असं तिनं आपण होऊन सांगितलं. मी कुलपाची किल्ली खुंटीला लावली आणि उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं. मांडव, रांग, दंडावरचा हात. हसेल असं वाटलं होतं, पण ती हसली नाही.

"मग? उचललीत?"

"नाही."

"एकसुद्धा नाही?"

"नाही म्हणते ना!"

"खरं?"

"तुझ्या मुलीची शपथ घेऊ का?"

"माझ्या मुलीची कशाला? तुमची आहे की." ती जवळ आली, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि उलटेसुलटे करून पाहिले, नखांपर्यंत. जणू अजून हळद लागलेली असेल.

"पण वाकलात," ती म्हणाली.

मी हात सोडवून घेतले. मी ते तिला सांगितलं नव्हतं.